एकरी एकशे नव्वद

चौथ्या दिवशी सकाळी बजाबाईला वास येईनासा झाला, तेव्हा तिला स्वतःचीच किळस आली. पहिल्या दिवशी याच वासाने तिने पदर नाकाला लावला होता, दुसऱ्या दिवशी पोटात ढवळलं होतं, तिसऱ्या दिवशी कपाळ ठणकत होतं. आणि आता त्याच घाणीशेजारी मांडी घालून ती निवांत भाकरी मोडत होती. माणूस कशालाही सरावतो असं लोक कौतुकाने सांगतात. त्यात कौतुक कसलं आहे, हे तिला काही कळेना.

वास कांद्याचा होता. आंदोलनाच्या पहिल्या दिवशी पुढारी अनिलकुमार सरांनी दोन टेम्पो कांदा सोलापुरातल्या सरकारी कचेरीच्या गेटासमोर ओतायला लावला होता. टीव्हीवाले येणार होते, त्यांना काहीतरी दिसायला हवं. टीव्हीवाले आले, पाऊण तास थांबले आणि गेले. कांदा राहिला. साठवणीच्या चाळीतला जुना, आधीच मऊ पडलेला माल तो. त्यावर भाद्रपदातली एक सर पडली, मग ऊन तापलं, आणि ढिगातून काळं पाणी सुटून उताराने सरळ आंदोलनाच्या मांडवात आलं. साहेब लोकांनी दुसऱ्याच दिवशी मागचं गेट उघडून घेतलं. पुढचं गेट राहिलं शेतकऱ्यांना, माश्यांना आणि दोन हवालदारांना. ज्यांच्या नाकाला झोंबावा म्हणून ओतला ते आत गारव्यात, आणि ओतणारे शेजारी बसून हुंगतायत, असा सगळा प्रकार होता.

मागणी साधी होती. मागच्या साली कांद्याचा भाव पार मातीत गेला, तेव्हा सरकारने क्विंटलमागे अनुदान जाहीर केलं. जाहीर करायला काय, जीभच उचलायची असते. वर्ष उलटलं तरी कुणाच्या खात्यात छदाम पडला नव्हता. आधी कागद तपासायचे होते, मग पुन्हा तपासायचे होते, मग निधी यायचा होता. आणि आता निधी आला म्हणेपर्यंत सरकारच जागेवर राहिलं नव्हतं. मुंबईत रोज नवी धुळवड चालली होती. आमदार हॉटेलात कोंडून घेत होते, सकाळी एका गटात तर संध्याकाळी दुसऱ्या. ज्याची सही हवी तो मंत्री सोमवारी इकडे होता, बुधवारी तिकडे. गावात पाटावर बसलेली नवरीसुद्धा एवढ्या वेळा जागा बदलत नाही. कचेरीत विचारलं की एकच उत्तर मिळे, "वरून आदेश नाही." वर कोण आहे, हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

बजाबाई साठीची, वैरागजवळच्या एका वस्तीवरची. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. सोबत धाकटा दीर रावजी आला होता, बोलायला कमी आणि खोकायला जास्त. तिच्या पलीकडे चनमल्लप्पा बसायचे, वळसंगचे, सत्तरी गाठलेले, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि मांडीवर प्लास्टिकची पिशवी. त्या पिशवीत त्यांचे कागद होते. चार दिवसांत ते त्यांनी बजाबाईला निदान दहा वेळा दाखवले.

"हे सातबारा. हे पट्टी. हे पासबुक," ते एकेक कागद काढत म्हणायचे. "नाव सगळीकडं तेच हाय बघा अक्का. अक्षर बी चुकलं न्हाय. कन्नड शाळेत शिकलेला मानूस मी, पन मराठी कागद धा वेळा वाचून घेतला."

"लई झाक ठिवल्यात की, आप्पा," बजाबाई म्हणायची, आणि आपले कागद पदराखाली सरकवायची. कारण तिच्या स्वतःच्या कागदात जे होतं ते ती कुणाला दाखवू शकत नव्हती.

त्याची गोष्ट अशी. वस्तीवर आठ घरं. कुणाचा अर्धा एकर कांदा, कुणाचा त्याहून कमी. एकट्याच्या मालाने टेम्पो भरत नाही, आणि प्रत्येकाने वेगळं सोलापूर गाठायचं म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. म्हणून आठही घरांचा कांदा एका टेम्पोत जायचा आणि एकाच्याच नावावर विकला जायचा. आडत्या एकच पट्टी करी, म्हणजे विक्रीची पावती, आणि वाटणी घरी आल्यावर पारावर होई. बापजाद्यांपासून हेच चालत आलेलं, त्यात कधी एक रुपयाचं भांडण झालं नव्हतं.

नाव मात्र गेली सहा वर्षं बजाबाईचंच. सहा वर्षांपूर्वी तिच्या गोण्यांना मार्केट यार्डात त्या दिवसाचा सगळ्यात चढा भाव मिळाला होता. तेव्हापासून वस्तीची पक्की समजूत झाली, की गोणीवर लाल रंगाने बजाबाईचं नाव घातलं की व्यापारी बोली वाढवतो. पुढच्या पाच वर्षांत तसं एकदाही झालं नाही. समजूत काही हलली नाही. आमची बजाक्का यशाच्या हाताची, असं बायका पाहुण्यांना सांगायच्या, आणि तिलाही ते ऐकायला गोड वाटायचं, खोटं कशाला बोला.

अनुदान जाहीर झालं आणि हे यश अंगाशी आलं. अर्जाला विक्रीची पट्टी हवी, आणि पट्टी होती एकच. म्हणजे अर्जही एकच, बजाबाईचा. बाकीच्या सात घरांनी कांदा विकला याचा जगात कुठेही पुरावा नव्हता. तिच्या सातबाऱ्यावर जमीन एक एकर, आणि पट्टीवर कांदा एकशे नव्वद क्विंटल. कारकुनाने ते वाचून तिच्याकडे मान वर करून बघितलं होतं.

"आजी, कांदा लावला होता, की कांद्याची विहीर लागली होती?" असं म्हणून त्याने लाल शाईने 'त्रुटी' लिहिलं आणि फाईल बाजूला टाकली.

तेव्हापासून ती फाईल म्हणजे आठ घरांचा गळफास झाली होती. वस्तीवर कुणी तिला शब्दाने दुखावलं नव्हतं. पण हापशावर ती गेली की बायका बोलायच्या थांबत, आणि मग कुणीतरी फार गोडीने विचारी, "बजाक्का, काय कळलं का?" त्या गोडीपेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. पैसे आले तर आठ घरांत तिची मान ताठ राहणार होती. नाही आले तर तिच्या नावाने सात घरांचं बुडालं, हे तिच्या मागेही सांगितलं जाणार होतं. एवढ्यासाठीच ती या घाणीत चार दिवस बसली होती.

तिसऱ्या दिवशी चनमल्लप्पांना हे सगळं सांगून टाकावं असं तिला फार वाटलं. ते आपल्या भाकरीतली अर्धी तिला देत, आपलं पांघरूण तिच्याकडे सरकवत, आणि बदल्यात फक्त ऐकून घ्यायला माणूस मागत. त्यांच्या पोरांना शेती नको होती. थोरला पुण्यात, धाकटा सोलापुरात एका दुकानात. "दोघं बी म्हणत्यात, बाबांना शेती येत न्हाय, एकरी साठ क्विंटल काय काढतो," ते हसत हसत सांगत होते, पण हसणं ओठांपाशीच संपत होतं. बजाबाईने तोंड उघडलं. "आप्पा, आमचं बी एक तुमास्नी सांगती—" एवढ्यात रावजी असा काही खोकला, की तिने उरलेलं वाक्य गिळलं.

चौथ्या दिवशी दुपारी मुंबईची बातमी आली. अनिलकुमार सर ज्या आमदाराचे उजवे हात, तो आमदार नव्या सरकारात गेला होता. म्हणजे चार दिवस ज्या सरकारच्या नावाने मांडवात बोंबा चालल्या होत्या, त्याच सरकारात.

अनिलकुमार सर पूर्वी बार्शीत क्लास घ्यायचे. सकाळी दहा वाजता मांडवात येत, दोन तास घोषणा देत, बडीशेप चघळत गाडीत बसून जात. त्या दिवशी ते तीन वाजता पुन्हा आले. अंगात नवा कडक इस्त्रीचा कुडता, आणि पाठोपाठ तीन पोरांनी आणलेला नवा फ्लेक्स. सकाळच्या फ्लेक्सवर 'धिक्कार' होतं, या फ्लेक्सवर 'जाहीर आभार'. फोटो तोच, हात जोडलेला. निदान फोटो तरी दुसरा काढायचा.

"शेतकरी बांधवांनो," सर माईकवर म्हणाले, "आपल्या एकजुटीपुढे सरकार झुकलं आहे. आपल्या सर्व मागण्या तत्त्वतः मान्य झाल्या आहेत. उद्या मंत्रीमहोदय स्वतः सोलापुरात येत आहेत. आंदोलन आपण सन्मानाने मागे घेत आहोत."

"तत्त्वतः म्हंजी पैसं कवा?" मागून कुणीतरी विचारलं.

"टप्प्याटप्प्याने," सर म्हणाले आणि घोषणा सुरू केली.

सकाळी 'मुर्दाबाद' म्हणणाऱ्या निम्म्या तोंडांनी दुपारी 'विजय असो' म्हटलं. बजाबाईने ती तोंडं बघितली. त्यांतल्या कुणालाही लाज वाटत नव्हती, आणि खरं सांगायचं तर कुणाला फारसा आनंदही होत नव्हता. हात वर करायची सवय लागली होती म्हणून हात वर होत होते. तिला वाटलं, हा कांद्याचा ढीग बरा, तो सडतो तेव्हा निदान वास तरी सोडतो.

घोषणा संपल्यावर सरांनी तिला आणि रावजीला मांडवाच्या मागे बोलावलं.

"मावशी, अभिनंदन. तुमची फाईल मंजूर झाली," सर म्हणाले.

"व्हय? आन् ती लाल शाई?"

"शाईचं काय घेऊन बसलात? उद्या पहिला चेक एका महिला शेतकऱ्याला द्यायचाय. आमदारसाहेबांनी यादी चाळली. एकरी एकशे नव्वद बघून ते खुर्चीतून उठलेच. जिल्ह्यात विक्रम आहे हा, मावशी."

"सर, तुमास्नी म्हाईत हाय की. त्यो कांदा आठ घरांचा—"

"मला काही माहीत नाही." सरांनी बडीशेप एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "आणि तुम्हालाही नाही. कांदा तुमच्या नावावर, जमीन तुमच्या नावावर. आठ घरं म्हणालात तर खोटी माहिती दिली म्हणून फाईल जाईल, वर पोलिसांचा ससेमिरा. गप्प बसलात तर आठ दिवसांत पैसे. मग आठ घरांत वाटा नाहीतर सोळा घरांत वाटा."

"आन् बाकीच्यांचं? ही वळसंगची मानसं हायत, त्यांचं कागद समदं नीट हाय."

"टप्प्याटप्प्याने," सर पुन्हा म्हणाले.

काल जो आकडा म्हणजे गुन्हा होता तो आज विक्रम झाला होता, आणि मधल्या काळात कांद्याचं एक टरफलही हललं नव्हतं. सरांच्या दातांत बडीशेप अडकली होती. तिने रावजीकडे बघितलं. चार दिवसांत न बोललेला रावजी तेव्हा नेमका बोलला.

"वैनी, तू निस्ती व्हय म्हन. सात घरं तुज्या तोंडाकडं बघायल्यात. आपुन कुनाचं चोरलं का? आपलाच कांदा, आपलंच पैसं. खोटं बोलाया लावलं त्यांनी, पाप बी त्यांच्याच डोक्यावर."

त्याचं काही चूक नव्हतं. तेच तर तिला छळत होतं. ती व्हय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे जेसीबी आला आणि चार दिवस न हललेला ढीग वीस मिनिटांत गेला. रस्त्यावर फिनेल ओतलं. आंदोलकांना बसमध्ये घालून कार्यक्रमाच्या मंडपात नेलं, कारण खुर्च्या भरायच्या होत्या. मंत्री साडेतीन तास उशिरा आले. तोवर एका पोरीने बजाबाईचा पदर तीन वेळा नीट केला आणि नऊवारी छान दिसते म्हणून तिच्यासोबत फोटो काढला.

मग तिला स्टेजवर नेलं. दारापेक्षा मोठा पुठ्ठ्याचा चेक तिच्या हातात दिला. चेकवर तिचं नाव वेगळ्या कागदावर छापून चिकटवलेलं होतं. फोटो झाल्याबरोबर एका पोराने तो चेक काढून घेतला आणि तिच्या डोळ्यांदेखत नखाने तिचं नाव खरवडून काढलं, कारण मागे आणखी चौघं उभे होते आणि चेक एकच होता.

"थांबा, थांबा," मंत्री तिला म्हणाले आणि माईक तिच्यासमोर धरला. "मावशी, सगळ्यांना सांगा. एका एकरात किती कांदा काढला?"

"एकशे नव्वद क्विंटल."

"सगळा तुमचाच?"

समोर दुसऱ्या रांगेत रावजी बसला होता. त्याचे ओठ 'व्हय' म्हणत हलताना तिला स्टेजवरून दिसले.

"माजाच," ती म्हणाली.

टाळ्या वाजल्या. सगळ्यात आधी वाजवल्या शेतीखात्याच्या साहेबांनी, ज्यांना या तालुक्यात एकरी किती कांदा निघतो ते तोंडपाठ होतं. मंत्र्यांनी हात वर करून टाळ्या थांबवल्या आणि त्यांचा आवाज बदलला.

"बघा, ही एक विधवा माउली. हिच्याकडे काय आहे? एक एकर. पण ती गेटासमोर कांदे ओतत बसली नाही, तिने पिकवून दाखवलं. मला सांगा, हीच माती, हाच पाऊस. मग बाकीच्यांना एकरी पन्नास-साठ का? कारण आपल्याला कष्ट नकोत, अनुदान पाहिजे. मी अधिकाऱ्यांना सांगून ठेवलंय, उरलेल्या अर्जांची घाई करू नका. आधी या लोकांना या मावशींच्या शेतावर न्या. शिकू द्या. आमचं सरकार रडणाऱ्यांच्या नाही, पिकवणाऱ्यांच्या पाठीशी आहे."

बजाबाईला पहिल्यांदा नीट कळलंच नाही. ती चार दिवस त्याच गेटासमोर बसली होती. मग कळलं. तिच्या तोंडून निघालेलं एक 'माजाच' त्या माणसाने उचललं होतं आणि समोर बसलेल्या पाचशे माणसांच्या तोंडावर मारलं होतं. आपण आपल्याच आठ घरांपुरतं खोटं बोललो असं तिला वाटत होतं. ते कुणाकुणाला जाऊन लागलं हे आता समोर दिसत होतं. आणि तरीही ती पाचशे माणसं टाळ्या वाजवत होती. पाचव्या रांगेत चनमल्लप्पाही वाजवत होते. कागदांची पिशवी मांडीवरून घसरली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. ते बजाबाईकडे असं बघत होते, जणू शेजारी चार दिवस कोण बसलं होतं हे त्यांना आत्ता कळलं.

आठ दिवसांत येणारे पैसे आठ दिवसांत आले नाहीत. 'पुढच्या सोमवारी नक्की' असा सरांचा निरोप आला. पेपरात मात्र फोटो दुसऱ्याच दिवशी आला. वस्तीवर कुणीतरी तो कापून पिठाच्या खळीने तिच्या दाराला चिकटवला. हापशावर बायका आता पुन्हा मोकळेपणाने बोलायला लागल्या. बजाबाईने फोटो ओला करून सोलून काढायचा प्रयत्न केला, तो अर्धाच निघाला, तिचं तोंड राहिलं आणि मंत्र्याचं गेलं.

दहाव्या दिवशी शेतीखात्याची जीप आली आणि जीपमागे एक बस. बसमधून चाळीस-पन्नास शेतकरी उतरले. साहेबांच्या हातात छापील कागद होता, अभ्यास दौरा. आधल्या दिवशी निरोप आला होता, तेव्हा आठही घरांनी पारावर बसून कोण काय बोलणार ते ठरवून ठेवलं होतं. बजाबाईच्या एकराच्या चारी बाजूंना सात घरांचा कांदा डोलत होता, तो काही लपवता येणारा नव्हता.

"हा आजूबाजूचा कांदा कुणाचा?" साहेबांनी विचारलं, उत्तर ठाऊक असलेल्या माणसासारखं.

"आमचाच, साहेब," रावजी म्हणाला. वीस वर्षं ज्या रानात त्याने कांदा काढला त्याच्याच बांधावर तो उभा होता. "यंदा वैनींचं बघून पयल्यांदाच लावलाय. आमास्नी कुटं येत हुतं?"

बाकीच्या सहा घरांनी माना डोलावल्या. एकाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. बजाबाईने मान दुसरीकडे वळवली. त्या वळलेल्या मानेसमोर चनमल्लप्पा उभे होते.

ते वळसंगहून पहाटेच निघाले होते. हातात नेहमीची पिशवी होती, पण आत आज कागदांबरोबर नवी वही होती. त्यांनी चप्पल बांधावर काढून ठेवली आणि अनवाणी तिच्या सरीत उतरले. वाकून मूठभर माती उचलली, बोटांनी चुरडली, वास घेतला, आणि रुमालात बांधली.

"अक्का, तुमी चार दिस शेजारी बसला आनि एक शब्द बोलला न्हाय," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. "मोठी माणसं अशीच असतात बघा. मी आपला माझं साठ-साठ सांगत बसलो."

"आप्पा, तसं न्हाय—"

"न्हाय, न्हाय, माझं ऐका. पेपर धाकट्यानं घरी आणला. माझ्यापुढं टाकला. म्हणाला, बघा, बाईमाणूस काढतंय एकशे नव्वद, आनि तुमी सरकारच्या नावानं रडता. मला रात्रभर झोप न्हाय." ते जवळ आले आणि आवाज खाली केला, जीपजवळच्या साहेबांना ऐकू जाऊ नये म्हणून. "माझ्या बापानं साठ काढलं, मी साठ काढतो. मला वाटायचं, कांदा एवढाच असतो. पन्नास वर्षं झालं, अक्का. मला खरं सांगा, काय लाजू नका. माझं कुटं चुकतंय?"

तुमचं काय बी चुकलं न्हाय, आप्पा, साठच निगतो. तिच्या जिभेवर हे आलेलं होतं. या माणसाला पन्नास वर्षांची शेती परत द्यायला एवढं एक वाक्य पुरेसं होतं. तिने डोळे वर केले. बांधावर रावजी खोकायचाही थांबला होता. त्याच्यामागे सात घरांच्या बायका पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या आणि तिच्या तोंडाकडे बघत होत्या. जीपजवळ साहेब घड्याळ बघत होते. पैसे सोमवारी पडणार होते.

"पानी कमी पडत आसंल, आप्पा," बजाबाई म्हणाली.

चनमल्लप्पांनी लगेच वही उघडली. पेनाचं टोपण दातांत धरलं आणि कन्नड अक्षरांत, सावकाश, शाळेतल्या पोरासारखं लिहिलं. मग वर बघितलं.

"हां. आनि?"

बजाबाईला वाटलं, आता आपल्याला ओकारी होणार. चार दिवस सडक्या कांद्याशेजारी बसून झाली नव्हती ती आता होणार, आणि झाली तर फार बरं होईल. पण काहीच झालं नाही. सरावलेलं तोंड आपसूक उघडलं.

"खत बी येळंवर पडत नसंल."

"बरोबर हाय," चनमल्लप्पा म्हणाले आणि तेही लिहून घेतलं. "मागच्या साली उशीर झाला होता खरा. आनि?"

"रोप जून हुत आसंल."

त्यांनी मान हलवली, पान उलटलं, आणि नव्या पानावर पेन टेकवून तिच्या पुढच्या शब्दाची वाट बघत उभे राहिले.